बावन्न नंबरचा दगड बाजाराला जातो

आमच्या कुरणहट्टीतला बावन्न नंबरचा हद्दीचा दगड दर मंगळवारी हिरेकोळच्या बाजाराला जातो, आणि तो परत येईपर्यंत अर्धं गाव पलीकडच्या राज्यात असतं. यात न समजण्यासारखं काही नाही. एक्कावन्न नंबरचा दगड माळावर आहे, त्रेपन्न नंबरचा ओढ्याकाठी, आणि मधला बावन्न गावाच्या पूर्वेला, शाळेमागून निघून वळसा घालत हिरेकोळला जाणाऱ्या गाडीवाटेला लागून. राज्याची हद्द या तिघांना जोडत जाते. मधला दगड उठून पश्चिमेला पाच मैलांवर हिरेकोळला गेला की हद्दही त्याच्यामागं ताणली जाते, आणि मधली आळी, दूध डेअरी, शाळा आणि ग्रामपंचायत पलीकडं पडतात. संध्याकाळी दगड परत आला की सगळं अलीकडं येतं.

मी या ग्रामपंचायतीचा लिपिक. मंगळवारचं रजिस्टर गेली सत्तावीस वर्षं माझ्याकडं आहे आणि त्यात एकही खाडाखोड नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. दगड किती वाजता निघाला, किती वाजता आला आणि मधल्या वेळात गावात काय घडलं, हे त्यात लिहायचं असतं. मंगळवारी दिवसाउजेडी जन्मलेल्या सात मुलांच्या दाखल्यांवर पलीकडच्या राज्याचा शिक्का आहे आणि त्यांच्या सख्ख्या भावंडांच्या दाखल्यांवर अलीकडचा. मंगळवारी गावात कुणी भांडत नाही, कारण फौजदार कुठला बोलवायचा यावरून दुसरं भांडण लागतं. लोक बुधवारपर्यंत राग धरून ठेवतात, आणि तोवर निम्म्यांचा उतरतो. सकाळी सव्वानऊला मोबाईलवर पलीकडच्या राज्यात स्वागत असल्याचा निरोप येतो. म्हातारी माणसं त्यावर घड्याळ लावतात.

बाहेरच्या माणसांना हे ऐकून नवल वाटतं. आम्हाला त्यांचंच नवल वाटतं. त्यांची हद्द बारा महिने एका जागी उभी असते आणि कुणी तिची विचारपूससुद्धा करत नाही.

दगड कमरेएवढा आहे, काळा, डोक्यावर चुना फासलेला. बाजारात तो काही घेत नाही. आधी पानवाल्यांच्या ओळीत उभा राहतो, मग दोरखंडवाल्यांकडं जातो आणि दुपारनंतर कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी रेंगाळतो. तो चालतो कसा, हे मात्र मला सांगता येणार नाही, कारण ते कुणीच बघितलेलं नाही. त्याच्याकडं बघत बसलं की तो चालत नाही. जेवणाऱ्याच्या ताटात बघू नये म्हणतात, तसंच हे. म्हणून त्याच्यासोबत एक सोबतीण असते. तिनं वाटेवर त्याच्या अर्धं पाऊल पुढं उभं राहायचं, 'चला' म्हणायचं आणि बाजार येईपर्यंत मागं वळून बघायचं नाही. वाटेत भेटणारी माणसं कुंपणाकडं तोंड करून उभी राहतात.

येताना दोघं एस.टी.नं येतात. दगड गाडीत चढेपर्यंत कंडक्टर खिडकीतून बाहेर बघतो. दगड मधल्या बाकावर बसतो, त्यामुळं पुढची बाकं पलीकडच्या राज्यात जातात आणि मागची अलीकडच्या राज्यात राहतात. पलीकडच्या राज्यात बायकांना तिकीट लागत नाही, म्हणून मंगळवारी आमच्या भागातल्या बायका पुढं बसतात आणि पुरुष मागं. सुरुवातीला पुरुषांनी तक्रार केली होती. आगारानं हद्दीचा प्रश्न आपल्या अखत्यारीत येत नाही असं कळवलं.

सोबतीण कशी नेमली गेली, तेही सांगायला हवं. गोऱ्या साहेबाच्या अमदानीत मोजणी होऊन दगड पुरला तो रविवारी. मंगळवारी तो हिरेकोळच्या बाजारात सापडला. लोकांनी गाडीत घालून परत आणला, तर पुढच्या मंगळवारी पुन्हा तिथंच. तेव्हा पंच बसले. दगड काही ऐकणाऱ्यातला नाही, पण हद्दीनं एकटंदुकटं रस्त्यानं फिरणंही बरं दिसत नाही, असं सर्वांचं मत पडलं. पेरणीचे दिवस होते, त्यामुळं एकाही पुरुषाला सवड नव्हती. दगडाला जवळचं घर ऐतवड्यांचं. म्हणून 'ऐतवड्यांच्या सुनेनं जावं' असा ठराव झाला.

आता ऐतवड्यांच्या घरची रीत अशी की सून मंदिरात जाते, लग्नाला जाते आणि बाळंतपणाला माहेरी जाते. त्यापलीकडं फाटक ओलांडायचं तर सोबत पुरुष पाहिजे. दगडाला पुरुष धरायचं की नाही, यावर त्या बैठकीत दोन तास चर्चा झाली आणि धरायचं असं ठरलं. त्या वेळच्या सुनेनं नऊ वर्षं घराचं फाटक ओलांडलेलं नव्हतं. ठराव ऐकून ती काय म्हणाली याची नोंद नाही. पण पहिल्या मंगळवारी ती उजाडायच्या आधीच पिशवी घेऊन दगडापाशी उभी होती, असं सांगतात.

तेव्हापासून हे काम ऐतवड्यांच्या घरात सासूकडून सुनेकडं येत राहिलं. चंपूबाई ही चौथी सोबतीण. अडतीस वर्षांत तिनं एकही मंगळवार चुकवला नाही. दोन बाळंतपणांतसुद्धा माहेरी न जाता इथंच राहिली, कारण माहेरी गेलं तर मंगळवार जातो. आठवड्यातले सहा दिवस ही बाई खाली मान घालून भाकऱ्या थापायची. मंगळवारी मात्र तिची चाल बघावी. छत्री काखेत, पदर खोचलेला, आणि अख्ख्या राज्याची हद्द मागून येते आहे हे पुरतं ठाऊक असलेली. मी रजिस्टरात वेळ लिहिताना तिला नमस्कार करायचो. सरपंचालाही मी कधी इतक्या मनापासून केलेला नाही.

पण गेल्या वर्षी चंपूबाईचे गुडघे गेले. पाच मैल चालणं जड जाऊ लागलं. तिनं सुनेला, त्रिशलाला, शब्द दिला की पाडव्यानंतरच्या मंगळवारपासून सोबत तुझी.

त्रिशला माहेरची इचलकरंजीची. लग्नाआधी स्कूटरवरून कॉलेजला जायची. ऐतवड्यांच्या घरात येऊन तिला सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत तिनं मंदिर पाहिलं होतं, चार लग्नं पाहिली होती आणि माहेरचं एक बाळंतपण. रजिस्टरात नाव बदलून घ्यायला मी त्यांच्याकडं गेलो, तेव्हा सासू-सुना स्वयंपाकघरात सुपात तुरीची डाळ पसरून बसल्या होत्या. मला वाटलं, निवडतायत. जवळ गेलो तर चंपूबाई डाळीत बोटानं रेघा ओढून बाजार शिकवत होती. ही पानवाल्यांची ओळ, हा कासार, इथं पाण्याचा नळ, इथनं जायचं न्हाई, इथं बैल बांधतात. त्रिशला त्याच रेघांवरून आपलं बोट फिरवत होती. मला त्या वेळी इतकं बरं वाटलं की मी तिचं नाव लाल शाईनं लिहिलं, जे नियमात बसत नाही.

आणि पाडव्याच्या आदल्या आठवड्यात आदेश आला.

झालं होतं असं की दोन्ही राज्यांनी मिळून आकाशातून सीमेचं छायाचित्र काढलं होतं, आणि ते नेमकं मंगळवारी दुपारी काढलं गेलं. त्यात राज्याची हद्द कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी दिसत होती. दोन्ही राजधान्यांत यावर बैठका झाल्या. शेवटी ठरलं की बावन्न नंबरचा दगड गुरुवारी त्याच्या जागी काँक्रीटमध्ये पक्का करावा. शाळेचा कोपरा, ग्रामपंचायतीची पायरी आणि पाण्याची टाकी या तीन ठिकाणांपासून त्याचं अंतर मोजावं, आणि पुढच्या मंगळवारी दिवसभर नजर ठेवून ते एका इंचानंही बदलत नाही असा दाखला द्यावा. एकदा दाखला झाला की प्रकरण कायमचं बंद. हरकत असल्यास बाधितानं लेखी नोंदवावी.

अलीकडून दिघे नावाचे तरुण मोजणी अधिकारी आले. अत्यंत सभ्य माणूस. पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची स्वतः उचलायचे. पलीकडून कडकोळ म्हणून आले, ते निवृत्तीला टेकलेले होते आणि कमी बोलायचे. पंचायतीत सुनावणी झाली. सरपंच जिन्नाप्पा मगदूम यांनी गावातर्फे हरकत घेतली. दिघे म्हणाले की गावाला कुणी पक्कं करत नाही, दगडाला करतं आहे, तेव्हा बाधित हा दगडच आणि हरकत त्यानंच घ्यायला हवी. आम्ही दगडाला तसं कळवलं. तो दिवस बुधवार होता, त्यामुळं तो काही हलला नाही.

मग चंपूबाई काठी टेकत आली. मागं, फाटकाबाहेर पडायला पुरुष पाहिजे म्हणून, तिचे यजमान भूपालअण्णा होते आणि त्यांच्यामागं त्रिशला.

"सायेब, तुमाला सुट्टी कवा असती?" तिनं विचारलं.

"रविवारी. आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी."

"त्याला एक मंगळवारच हाय. त्या मंगळवारावर मी अडतीस वर्सं काढली. आता ह्या पोरीची पाळी हाय. दगड पक्का केला, तर ही घरात पक्की झाली म्हणून समजा. मग ते लिवा तुमच्या कागदात, की दगडासंगट एक सूनबी पक्की केली."

दिघ्यांनी ते वाक्य खरोखरच लिहून घेतलं, शब्दन् शब्द. त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी पाहिलं. पण आदेशात सुनेचा रकाना नव्हता. भूपालअण्णा म्हणाले की दगडच जाणार नसेल तर सुनेनं जायचा प्रश्न येत नाही आणि हेच बरं झालं, हल्ली रस्त्याला रहदारी फार वाढली आहे. जाताना त्रिशलानं माझ्या टेबलावरच्या रजिस्टराकडं एकदा बघितलं, तेवढंच.

गुरुवारी काँक्रीटचं काम झालं आणि त्यात आमच्याच माणसानं घोळ घातला. ठेकेदाराची माणसं सिमेंटपेक्षा वाळूच जास्त घालत होती. तसंच चालू दिलं असतं तर दगड दोन मंगळवारांत आपोआप सुटला असता. पण कुरणहट्टीच्या माणसाला वाईट काम बघवत नाही. कुणाच्या लग्नात मांडव तिरका असला तर आमची माणसं अक्षता हातात धरून आधी मांडव सरळ करतात. आमचा गवंडी इरगोंडा पाच मिनिटं बघत उभा राहिला आणि मग त्यानं ठेकेदाराच्या हातातली थापी काढून घेतली. आमचं सगळं गाव एका सलग कातळावर बसलं आहे. शाळा, मंदिर, एकशेचाळीस घरं, सगळं एकाच काळ्या पाथरावर, आणि तो पाथर गाडीवाटेच्या कडेला संपतो. इरगोंडानं त्या कातळात अकरा भोकं पाडली, प्रत्येकात लोखंडी गज ठोकला आणि ते सगळे दगडाला असे बांधले की दगड कुठं संपतो आणि कातळ कुठं सुरू होतो ते कळेना. वर घोटून घोटून सिमेंट केलं. दोन दिवस स्वतः पाणी मारलं. मी त्याला म्हटलं, "अरे, कुणाचं काम करतोयस, याचं भान हाय का तुला?" तो म्हणाला, "काम कुणाचंबी असू दे, माजं नाव हाय त्याच्यावर." मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

मंगळवार उजाडला. दगडाभोवती खुर्च्या मांडून आठजण बसले होते. दोन अधिकारी, चार मोजणीदार आणि दोन्ही राज्यांचा एकेक शिपाई. कुणीही नजर हलवायची नाही, पापण्यासुद्धा पाळीपाळीनं मिटायच्या, असं त्यांनी ठरवून घेतलं होतं. दगडाची चालण्याची रीत त्यांना कुणी सांगितली कोण जाणे. माझा संशय कंडक्टरवर आहे.

मी पंचायतीत बसून जुनी दप्तरं चाळत होतो. मन लागत नव्हतं म्हणून नुसता हात चालवत होतो, आणि तो पहिला ठराव हाताला लागला. आम्ही सगळे पिढ्यान् पिढ्या समजत होतो की दगड बाजाराला निघाला तर ऐतवड्यांच्या सुनेनं सोबत जावं. ठरावात तसं नव्हतं. त्यात लिहिलं होतं, दर मंगळवारी नऊ वाजता ऐतवड्यांच्या सुनेनं दगडापुढं अर्ध्या पावलावर उभं राहून हिरेकोळच्या वाटेला चालू लागावं. दगडानं काय करावं याविषयी ठराव गप्प होता.

मी वही उचलली आणि ऐतवड्यांच्या घरी धावलो. माझ्या वयाला ते शोभलं नाही. भूपालअण्णांनी ठराव वाचला. चष्मा मागवून पुन्हा वाचला. मग कागद उजेडाकडं धरून तिसऱ्यांदा वाचला. ठराव रद्द करायचा तर ग्रामसभा लागते, आणि ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी द्यावी लागते, हे मी सांगितलं. भूपालअण्णा हट्टी असतील, पण रीत मानणारा माणूस. रीत त्यांच्या बाजूची असो की विरुद्ध, ते मानतात, एवढं त्यांचं श्रेय मी देतो. ते फाटकातून बाजूला झाले.

"जाऊन ये जा," ते सुनेला म्हणाले. "रिकामीच येशील."

चंपूबाई आत अंथरुणावर होती. तिथूनच तिनं सांगितलं, "तिरशला, मागं बघायचं न्हाई. आन् गडबड करायची न्हाई."

त्रिशला पिशवी आणि छत्री घेऊन निघाली. गाडीवाटेवर येऊन दगडाच्या अर्धं पाऊल पुढं उभी राहिली. खुर्च्यांवरच्या आठांकडं तिनं बघितलं नाही. मी घड्याळ पाहिलं, नऊ वाजत होते. "चला," ती म्हणाली आणि चालू लागली.

गावात जो जिथं होता तिथं त्यानं सवयीनं भिंतीकडं तोंड केलं. आज बघण्यासारखं काही होणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी केलं. शाळेतल्या मुलांनी फळ्याकडं, डेअरीवाल्यांनी कॅनकडं, मी परत येऊन पंचायतीतल्या कपाटाकडं. दगडावर सोळा डोळे होते. गावावर एकही नव्हता. मोजणीच्या लोकांना नंतर याच गोष्टीची हळहळ वाटली, पण त्यांना दगडावर नजर ठेवायला सांगितलेलं होतं आणि ती त्यांनी चोख ठेवली.

माझ्या टेबलावरचा चहा कपात थोडा एका अंगाला कलला. सव्वानऊला मोबाईलवर स्वागताचा निरोप आला नाही. हद्दीचा दगड गावाच्या पूर्वेला आणि गाव त्याच्या पश्चिमेला, असंच सगळं चाललं होतं, त्यामुळं सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मंगळवार असून आम्ही आमच्याच राज्यात होतो. घड्याळ लावायला बसलेल्या म्हाताऱ्यांचा खोळंबा झाला. साडेनऊच्या सुमारास दिघ्यांनी दगडावरची नजर न काढता विचारलं की शाळेच्या कोपऱ्यावर मघाशी कडुनिंब होता का. कडकोळ म्हणाले, बघू नका.

गाव बांधाबांधानं गेलं. एकाही शेतातलं पीक मोडलं नाही. आमचं गाव शेतकऱ्यांचं आहे, दुसऱ्याच्या रानातून कसं चालावं हे त्याला शिकवावं लागत नाही. सकाळीच शिवारात गेलेली माणसं न्याहारीला परतली तेव्हा गाव जागेवर नव्हतं. ती बांधावर बसून राहिली. मंगळवारी बाजारातून यायला उशीर होतो, हे त्यांना माहीत होतं.

साडेदहाला आम्ही हिरेकोळात पोचलो. बैलबाजाराची जागा ऐसपैस आहे. व्यापाऱ्यांनी खुंट्या थोड्या सरकवल्या आणि गाव तिथं टेकलं. शाळेची भिंत भाजीवाल्यांच्या ओळीला लागली, पाण्याची टाकी गुळाच्या अडत्यांशेजारी आली आणि ऐतवड्यांचं फाटक बरोबर कासारासमोर.

बाजारात पोचल्यावर सोबतिणीनं वळायला हरकत नसते. त्रिशलाची समजूत होती की ती एकटीच आली आहे. वाटभर तिला मागून डेअरीच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती, पण मागं बघायचं नाही म्हणून तिनं बघितलं नव्हतं. ती आता वळली. दगड होता, दगडामागं शाळा होती, शाळेमागं अख्खं कुरणहट्टी. ती तशीच उभी राहिली, मग हसायला लागली, मग रडायला लागली आणि मग दोन्ही एकदम. मी पंचायतीच्या दारातून ओरडून सांगितलं, "साडेधा वाजून दोन मिन्टं, लिवलं बघ!" सत्तावीस वर्षांत मी नोकरीवर असताना ओरडलो तो तेवढाच. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस आहे, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आदेशाप्रमाणे मोजणी झाली. दिघ्यांनी स्वतः फीत धरली. शाळेचा कोपरा, पंचायतीची पायरी, पाण्याची टाकी. तिन्ही अंतरं गुरुवारच्या अंतरांशी तंतोतंत जुळली. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं, मग इरगोंडाचं काम हातानं चाचपून पाहिलं. एक चीरसुद्धा नव्हती. मग ते बराच वेळ शाळेच्या भिंतीला टेकून बसलेल्या मेथीवालीकडं बघत राहिले.

"कडकोळसाहेब," ते हळूच म्हणाले, "दगड हललेला नाही."

"नाही," कडकोळ म्हणाले. "आदेशात गावाचा उल्लेख नाही."

दोन्ही राज्यांच्या सह्यांचा दाखला जागेवरच तयार झाला. दगड पक्का आहे, जागेवर आहे, मंगळवारी दिवसभर नजर ठेवली असता एक इंचही सरकला नाही, सबब प्रकरण कायमचं बंद. सरपंचांनी दाखला घेतला आणि दोन्ही साहेबांना हार घातले. हार बाजारातच मिळाले. सही करताना दिघे माझ्या कानाशी म्हणाले की सुनेचा रकाना नव्हता हे बरंच झालं, नाहीतर तिथं काय लिहावं हे त्यांना सुचलं नसतं. कडकोळ तोवर वांगी निवडायला गेले होते. इरगोंडा दगडापाशी मिश्यांवर हात फिरवत उभा होता, आणि त्या दिवशी मी त्याच्याशी पुन्हा बोलायला लागलो.

आणि मग बायका बाहेर पडल्या. एकशेचाळीस घरांतून. ज्यांना कधी सवड मिळाली नव्हती, ज्यांना कधी कुणी नेलं नव्हतं, ज्यांचे नवरे सांगायचे की बाजारात काय ठेवलंय, लागेल ते मी आणतो. कुणाचे हात पिठाचे, कुणाच्या काखेत मूल. उंबरा ओलांडला की बाजार. एका म्हातारीनं आपल्या पायरीवर बसूनच सुरी पारखली, कारण जन्मात पहिल्यांदा तिला कुणी सुरी पारखून घे म्हणालं होतं. भूपालअण्णा फाटकात आडवे उभे राहिले. पण फाटक गावातच होतं आणि गावातल्या गावात जायला पुरुष लागतो असं रीतीत कुठं नाही. तसं चंपूबाईनं त्यांच्या लक्षात आणून दिलं, आणि त्यांचा खांदा धरून पायरीवर येऊन बसली. ती पुन्हा कधी बाजार बघेल असं तिला वाटलं नव्हतं. कासार उठून तिच्याजवळ आला आणि त्यानं बांगड्यांची पेटी तिच्या पुढ्यात उघडली. थोड्या वेळानं भूपालअण्णाही पिशवी घेऊन सुपारी बघायला गेले.

त्रिशला सगळीकडं फिरली. पानवाल्यांच्या ओळीतून गेली, नळावर पाणी प्यायली, बैल बांधतात तिथून गेली नाही. दोरखंड हातात घेऊन ओढून बघितला. कल्हईच्या भट्टीपाशी निळी ज्योत बघत उभी राहिली. तिनं अजून काहीच विकत घेतलं नव्हतं.

पाच वाजता उन्हं कलली. व्यापारी आवरू लागले. मुलं शाळेच्या पायरीवर दप्तरं घेऊन बसली, सरपंच खुर्चीत येऊन बसले, डेअरीचं संध्याकाळचं दूध शिवारातल्या गोठ्यांत अडकलं होतं आणि दोन्ही अधिकारी पंचायतीच्या ओट्यावर घड्याळ बघत होते. कुणालाच निघता येत नव्हतं, कारण निघायचं ते सोबतीण म्हणेल तेव्हा. शेवटी चंपूबाईनं पायरीवरून हाक मारली, "तिरशला, निघायचं का ग?"

"थांबा की आत्या जरा," ती भट्टीपाशी उभी राहून म्हणाली. "माजा बाजार अजून व्हायचाय."

गाव थांबलं.